विकण्यासाठी घेतलेली गाडी

शेणखताचं पोतं डिकीत फुटलं त्या दिवशी गाडी सकाळपासून ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी होती. ऑगस्ट महिना. संध्याकाळी दार उघडलं आणि दिवसभर आत शिजलेली गरम, आंबूस वाफ सरळ तोंडावर आली. मी मागे सरलो, नाकाला रुमाल लावला आणि तिथेच, सहकाऱ्यांच्या देखत, मला उमासा आला. अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या घरापर्यंत मी चारही काचा खाली करून गेलो. बाहेर भट्टी होती, तरी एसी लावायचा धीर झाला नाही. तो वास एसीच्या जाळीत जाऊन कायमचा मुरेल अशी भीती वाटत होती.

घरी पोचल्यावर मी बायकोला जे म्हणालो ते इथे जसंच्या तसं लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. मी म्हणालो, "ही गाडी आहे. टेम्पो नाही तुझा."

ती उठली. बादली आणि ब्रश घेऊन बाहेर गेली आणि डिकी घासायला लागली. मी आत एसीखाली बसून खिडकीतून तिच्याकडे पाहत राहिलो. तिचा कुडता पाठीला चिकटला होता. उठून मदतीला जावं असं वाटत होतं. पण तो वास पुन्हा नाकात जाईल या नुसत्या कल्पनेने मी उठलो नाही.

मला किळस लवकर येते. हॉटेलात पेला आधी पुसून घेतो, लिफ्टचं बटण टिश्यूने दाबतो. लहानपणी आईला याचं कौतुक होतं, "आमच्याकडे हा एकच स्वच्छ" म्हणायची. पन्नाशीत आल्यावर मला कळतंय की ही किळस नेहमी दुसऱ्या कुणाला तरी निस्तरावी लागली. बहुतेक वेळा बायकोलाच.

ती लग्नाआधी पुण्यात एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. इथे आल्यावर पदवीला इथली मान्यता मिळवायच्या कागदपत्रांत तिची नोकरी अडकली ती अडकलीच. मग मुलगी झाली. मग मी म्हणायचो, दोन वर्षांचा तर व्हिसा आहे, आज आहोत, उद्या परत जाऊ, कशाला त्रास करून घेतेस. असं म्हणत म्हणत मुलगी दहावीत आली. आम्ही एका व्हिलाच्या तळमजल्यावर राहतो. मागे वाळूची एक पट्टी आहे, जिथे पूर्वी एसीचं पाणी ठिबकायचं आणि मांजरं बसायची. त्या वाळूत बायकोने नारळाचा काथ्या आणि शेणखत मिसळून माती केली, वर हिरवी जाळी बांधली आणि रोपं वाढवायला लागली. कढीपत्ता, अळू, गवती चहा, जास्वंद, आणि कुठून तरी बिया मिळवून आपटा. या उन्हात आपटा जगवणं सोपं नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायका तिच्याकडून रोपं नेऊ लागल्या, मग त्यांच्या शेजारणी. आणि यंदा दुबईतल्या एका बागेत हिवाळ्यात दर शनिवारी भरणाऱ्या बाजारात तिला जागा मिळाली. फाटकातून आत शिरल्यावर पहिल्याच झाडाखाली. तिने परवाना घेतला, स्वतःच्या नावाचा. इतक्या वर्षांत इथे तिच्या नावावर निघालेला पहिला कागद.

बाजाराची अट एकच होती. उघडायच्या आधी गाडी आत नेऊन माल मांडायचा. सुरुवातीचे दोन शनिवार जो मांडणार नाही त्याची जागा रांगेतल्या पुढच्याला.

भाड्याचं पिकअप तिने एकदा वापरून पाहिलं होतं. हायवेवर तासभर उघड्यावर गरम वारा लागून पानं भाजल्यासारखी काळी पडली. त्यामुळे शेणखताच्या त्या संध्याकाळनंतर तिने मला न विचारता एक ट्रेलर घेतला. देश सोडून चाललेल्या एका कुटुंबाचा, वाळवंटात कॅम्पिंगला नेत असत तो. छोटासा, दोन चाकांचा, वर ताडपत्रीचं छप्पर. तो आमच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी त्याच्याभोवती एक फेरी मारली. कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या होत्या.

"आता ओढायला गाडी तू बघ," ती म्हणाली. "आपली सेडान ओढायची नाही. तुला गाड्यांतलं कळतं."

मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. पण ते वाक्य मला आवडलं, आणि टेम्पोचं जे बोललो होतो ते यात भरून निघेल असं वाटलं. मी मनापासून कामाला लागलो. हेही खरं आहे.

हलका ट्रेलर हा शब्द फसवा असतो. रिकामा असताना आम्ही दोघं तो ढकलत होतो. पण भिजवलेल्या मातीच्या कुंड्या भरल्या की त्याचं वजन दुप्पट होतं. गाडीचं इंजिन मोठं आहे म्हणून ती ओढेल असं नसतं. कंपनीने किती वजन ओढायची परवानगी दिली आहे ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो आकडा बराच खाली येतो. गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायचा जो हुक असतो, त्यावर खाली किती भार पडतो तेही पाहायचं. भार फार कमी झाला की ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो, फार झाला की गाडीचं नाक वर येतं. इथल्या उन्हात तासभर ओढत राहिलं की गिअरबॉक्सचं तेल तापतं, म्हणून ते थंड ठेवायची सोय हवी. गाडी स्वतः ट्रेलरपेक्षा चांगली जड हवी, लांब हवी. मला सगळ्यात चीड आली ती एका गोष्टीची. जी गाडी युरोपात खुशाल ट्रेलर ओढते, तिच्याच आखाती मॉडेलच्या पुस्तिकेत तो रकाना रिकामा असतो. तीच गाडी, तेच नाव. इथे कुणी विचारतच नाही म्हणून.

हे सगळं समजून घेऊन मी शोरूम पालथी घालू लागलो आणि लवकरच मला त्या जगाची शिसारी आली. आत शिरताच ऊदाचा दाट वास. काचेच्या टेबलावर खजुराची बशी, तिच्या काठाला आधीच्या गिऱ्हाइकाचा चिकट अंगठा. चकचकीत फरशीवर फिरवून ठेवलेल्या गाड्या, आणि प्रत्येक गाडीत तोच नव्या प्लास्टिकचा गोडसर वास, ज्याला लोक 'नवी गाडी' म्हणून छाती भरून ओढतात. एका विक्रेत्याला मी विचारलं, ही किती ओढेल?

"सरजी, ये तो पहाड खींच लेगी."

"पुस्तिकेत लिहिलंय का?" मी हिंदीत विचारलं.

"मॅन्युअल कौन पढता है सर? आप ड्राइव्ह करो, फील लो." मग त्याने माझ्या बायकोकडे पाहिलं. तिच्या नखांत माती होती. "मॅडम, इतनी अच्छी फॅमिली कार है. इसको क्यों तकलीफ देते हो?"

तिथून बाहेर पडताना बायको म्हणाली, "गाडीला तकलीफ नको व्हायला." आणि हसली. मीही हसलो.

मग आम्ही जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो. तिथे एक मोठी, पांढरीशुभ्र गाडी आम्हाला हवी होती तशीच सापडली. लांब, जड, हुकसुद्धा आधीच बसवलेला. आत धूप जाळून ठेवला होता. सीटवर अजून कंपनीचं प्लास्टिक. मी पुढे बसून स्टिअरिंगवर हात फिरवत होतो तेवढ्यात बायकोने मागचं दार उघडलं, वाकली आणि पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलला.

"ही पाण्यात बसलेली आहे."

"कशावरून?"

"वास घे. कुंडीत पाणी साचून मुळं कुजली की असाच येतो."

मी वास घेतला. धुपाच्या खाली तो होता. जाड, गारढोण, तळघरासारखा. मग मी स्टेपनीच्या खड्ड्याचं झाकण उचललं. तळाला वाळलेला, भेगाळलेला गाळ, आणि त्यात एक सपाट झालेली पाल. मोठ्या पावसात रस्ते तुंबले होते तेव्हा ही कुठे तरी काचेपर्यंत बुडून उभी असणार. विक्रेता हसत मागे आला. "हबीबी, ऐसी तो सब गाडी है. क्लीन करके देगा, खलास."

माझ्या हाताला त्या झाकणाचा बुळबुळीतपणा लागला होता. मी घरी जाऊन तीन वेळा साबण लावला आणि त्याच क्षणी ठरवलं, जुनी नको. नवीच. कुणाचा घाम, कुणाचा चिखल, कुणाची पाल नसलेली.

नवी म्हटल्यावर मला माणसांचा सल्ला लागला. आणि आमच्याकडे सल्ला पार्किंगमध्ये मिळतो. मंडळाचा कार्यक्रम असला की बायका आत तयारी करतात आणि पुरुष खाली उभे राहून एकमेकांच्या गाड्यांकडे पाहतात. कुणी टायरला लाथ मारतं, कुणी बॉनेट उघडायला लावतं. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही असेच उभे होतो. माझा एक जुना मित्र आहे, दर तीन वर्षांनी गाडी बदलणारा. त्याच्या शब्दाला आमच्यात वजन आहे.

"मॉडेल एकदम बरोबर निवडलंस," तो म्हणाला. "दणकट आहे. ओढेल काहीही. आणि पांढरीच घे, रिसेलला पांढरी. पण एक लक्षात ठेव, हुक लावू नकोस."

"अरे, हुकसाठीच तर घेतोय."

"वेडा आहेस का? हुक बसवायला मागचा बंपर कापतात. कापलेला बंपर पाहिला की समोरचा समजतो, ही गाडी राबवलेली आहे. पाच वर्षांनी परत जाताना रडशील."

दुसरा कुणी म्हणाला, "आणि वहिनींचं नर्सरीचं फॅड किती दिवस टिकणार? एक सीझन."

"माझ्या बायकोचं झुंबा एक महिना टिकलं," मित्र म्हणाला. सगळे हसले.

मीही हसलो. त्याच वेळी माझी बायको जिन्यातून खाली येत होती, हातात बायकांना दाखवायला आणलेल्या आपट्याच्या फांद्यांची परडी. मंडळाच्या दसऱ्याला सोनं तिच्याच कुंड्यांतून जाणार होतं. ती आमच्याजवळून गेली, "दसऱ्याला सोनं न्यायला विसरू नका रे, आधीच सांगते," असं मित्राला म्हणाली आणि परडी गाडीत ठेवली. तिने किती ऐकलं होतं ते मी तिला कधी विचारलं नाही.

रिसेल हा शब्द इथे इतका रुळलाय की तो इंग्रजी आहे हेही लक्षात येत नाही. इथे आपण वस्तू घेतो तेव्हाच ती विकताना कशी दिसेल हे पाहतो. सोफ्यावर चादर, फ्रिजच्या दारावर प्लास्टिक, मायक्रोवेव्हचा खोका माळ्यावर जपून. परत जायचंय ना. मी सोळा वर्षं परत जातो आहे. माझ्या घरातली एकही वस्तू मी अजून नीट वापरलेली नाही. हे मला त्या पार्किंगमध्ये उभं असताना सुचायला हवं होतं. तेव्हा सुचलं ते एवढंच, की मित्राचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

शोरूममध्ये मी गाडी पक्की केली तेव्हा विक्रेत्याने स्वतःच सांगितलं, कंपनीचा हुक इथेच बसवून देतो, वॉरंटीत. बंपर कापायला लागणार नाही, मागचा पूर्ण बंपरच खाचेचा येतो. पण तो मागवावा लागेल, दोन-तीन आठवडे.

"म्हणजे दसऱ्याला गाडी मिळणार नाही?"

"दसरा तो नहीं हो पाएगा सर. उसके बाद, इन्शाल्ला."

मी बायकोकडे पाहिलं नाही. म्हणालो, "नको. दसऱ्याला द्या. हुक नंतर पाहू."

साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त. घरात नवं वाहन दसऱ्यालाच यावं, माझ्या वडिलांनी स्कूटरसुद्धा दसऱ्यालाच आणली होती. हे कारण मी तिला रस्त्यात सांगितलं आणि ती "बरं" म्हणाली. ते कारण खोटं नव्हतं. पण दसरा नसता तर मी दुसरं काही तरी शोधलं असतं, हे मला तेव्हाच माहीत होतं.

दसऱ्याच्या सकाळी शोरूमबाहेर आपल्याच लोकांची रांग होती. झेंडूच्या माळा, नारळ, मोबाईल. आमची गाडी घरी आणली. मी चार लिंबं काढली, चार चाकांखाली ठेवायला. बायको आतून सहा घेऊन आली.

"दोन कशाला जास्त?"

"ट्रेलरला."

तिने दोन लिंबं ट्रेलरच्या चाकांखाली ठेवली, त्याच्या लोखंडी दांड्याला कुंकू लावलं. मग दांडा आणि गाडी यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाली, "हुक कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

मी गाडी पुढे घेतली आणि चार लिंबं फुटली. ट्रेलरची दोन तशीच राहिली. काही दिवसांनी ती वाळून तपकिरी झाली, त्यांना मुंग्या लागल्या. मी येता-जाता ती पाहायचो आणि मला घाण वाटायची, पण ती उचलली मी नाही.

पुढच्या आठवड्यात मी शोरूमला फोन केला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात केला, तर ते म्हणाले, आता बंपर मागवला तर महिना लागेल. बाहेरून बसवायचा तर मुसफ्फाच्या औद्योगिक भागातल्या कारखान्यात, पण ते कापतील. मी दोन रात्री मुसफ्फातल्या कारखान्यांचे फोटो पाहिले, तेलाने काळी झालेली जमीन, कापलेले बंपर. नवी गाडी त्या जमिनीवर उभी करायच्या विचाराने मी फोन पालथा ठेवायचो. बाजाराचा पहिला शनिवार आला आणि गेला. मी म्हणालो, "पहिल्या दिवशी तसंही कुणी येत नाही." ती मागच्या पट्टीत गेली आणि अंधार पडेपर्यंत पाणी घालत राहिली.

दुसऱ्या शनिवारी मी म्हणालो, "गाडीतच नेऊ ना. एवढी मोठी गाडी आहे."

आदल्या संध्याकाळी मी मुलीपुरती एक सोडून मागच्या सीट पाडल्या, त्यांच्यावर प्लास्टिक अंथरलं, त्यावर जुन्या चादरी, त्यावर पुन्हा प्लास्टिक. दारांच्या आतल्या बाजूंनाही चिकटपट्टीने पिशव्या लावल्या. मुलगी बघत होती. "बाबा, आर यू पॅकिंग प्लांट्स ऑर अ डेड बॉडी?" बायकोला हसू आलं. मला नाही.

मला हवी होती त्यापेक्षा निम्मीच रोपं मावली. उंच आपटे वाकवावे लागले. बायको पुढच्या सीटवर मांडीवर अळूची कुंडी घेऊन बसली, कारण अळूचं पान मोडतं. आम्ही हायवेला लागलो. अर्ध्या वाटेवर पुढच्या गाडीने ब्रेक मारला, मी मारला, आणि अळूची कुंडी तिच्या मांडीवरून कलंडली. ओला, काळा चिखल सीटच्या फिकट कापडावर, दोन सीटांच्या मधल्या खाचेत, गिअरच्या भोवती.

"शी!" मी ओरडलो.

एवढंच. एकच शब्द. पण तो मी चिखलाला म्हणालो नव्हतो, माझं तोंड तिच्याकडे होतं. तिच्या मांडीवर, कुडत्यावर, हातांवर माती होती. ती हाताने सीटवरची माती गोळा करून परत कुंडीत घालत होती, आणि तो शब्द ऐकून तिचा हात थांबला.

मी पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी वळवली.

"आत्ता नको," ती म्हणाली. "फाटक बंद होईल."

"डाग बसेल."

मी दुकानातून पाणी आणि टिश्यू आणले. वाकून सीट पुसू लागलो. चिखल पसरत गेला. मी आणखी टिश्यू आणले. मी अळूला शिव्या देत होतो, पुढच्या गाडीवाल्याला देत होतो. बायको बाहेर उन्हात उभी राहून घड्याळ पाहत होती. मी पुसत राहिलो. मुलीने मागून, कुंड्यांच्या मधून, म्हटलं, "बाबा, इट्स जस्ट मड. कॅन वी प्लीज गो?"

बागेपाशी पोचलो तेव्हा गाड्यांचं फाटक बंद झालं होतं. पहारेकरी सभ्य होता. तो फक्त मान हलवत राहिला. जाळीतून आतलं दिसत होतं. पहिल्या झाडाखाली कुणी तरी मेणबत्त्या मांडत होतं.

परत येताना गाडीत शेणखताचा, ओल्या मातीचा आणि मी वापरलेल्या सुगंधी टिश्यूंचा एकत्र वास होता. मी आयुष्यात इतका घाणेरडा वास घेतलेला नाही. लिंबाचा तो खोटा सुगंध मातीवर चढला होता आणि सगळ्याला उलटीसारखा वास येत होता. मला कुठे तरी पळून जावंसं वाटत होतं. खलिफा सिटीच्या वळणावर बायको म्हणाली, "मी त्यांना कळवते. बाजार सोडते म्हणून."

मी "अगं, थांब" म्हणालो. पण त्याआधी एक क्षण माझ्या मनात जे आलं ते सुटका होती. आता बंपर कापावा लागणार नाही. त्या एका क्षणाची मला जेवढी किळस आली, तेवढी त्या पालीचीही आली नव्हती. ऑगस्टपासून मी शोरूम, विक्रेते, गाळ, चिखल यांना नाक मुरडत होतो.

घरी पोचल्यावर रोपं उतरवताना मी तिला म्हणालो, "कळवू नकोस. मी उद्या हुक बसवून आणतो. जागा कुठलीही देऊ देत, माग."

"तूच लिही," ती म्हणाली. "तुझ्यामुळे उशीर झाला असं लिही."

मी लिहिलं. तसंच लिहिलं.

मुसफ्फातला कारखाना फोटोत दिसला होता तसाच होता. मिस्त्रीने बंपरवर पांढऱ्या खडूने रेघ मारली आणि यंत्र लावलं. जळक्या प्लास्टिकचा काळा धूर सुटला. मी गाडीपासून लांब उभा होतो, मग जवळ गेलो. बोटभर जाड तुकडा निघाला, ओठासारखा वळलेला. मिस्त्रीने तो कापडाने पुसून माझ्या हातात दिला. "साब, संभाल के रखना. बेचने के टाइम चिपका देना, पता भी नहीं चलेगा." मी तो घेतला. फेकून देता आला असता. मी तो डिकीत ठेवला.

ट्रेलर पहिल्यांदा जोडला तेव्हा मला मागे घेताच येईना. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. बायको मागे उभी राहून हातवारे करत होती. "उलट फिरव! अरे, तुला वाटतं त्याच्या उलट!" मुलीने व्हिडिओ काढला. तिथल्या जुन्या लिंबांवरून शेवटी चाक गेलं आणि ती चुरगळली. जड कुंड्या बायकोने चाकांच्या किंचित पुढे रचल्या, पुस्तिकेत जसं लिहिलं होतं तसं, आणि उंच आपटे ताडपत्रीखाली उभे राहिले. हायवेवर गाडीला मागे काही आहे हे जाणवतही नव्हतं. गाडी मी खरोखर चांगली निवडली होती.

बाजारवाल्यांनी जागा दिली होती. पहिल्या झाडाखालची गेली होती. आम्हाला मिळाली ती सगळ्यात शेवटची, खाण्याच्या गाड्यांच्या मागे, कचऱ्याच्या मोठ्या हिरव्या डब्यांना लागून. डबे भरून वाहत होते. तळलेल्या तेलाचा, माशांच्या काट्यांचा, आंबलेल्या फळांच्या रसाचा वास, आणि ऊन चढलं तसा तोही चढला. लोक आमच्या दिशेने यायचे, रोपं पाहायचे, नाकाला हात लावायचे आणि वळायचे. माझ्यासारखेच. एक बाई कढीपत्त्याच्या कुंडीपर्यंत आल्या, किंमत ऐकून मनातल्या मनात रुपयांत केली, आणि "इथे बाई उभंच राहवत नाही" म्हणून निघून गेल्या.

मी खुर्ची उचलून डब्यांच्या बाजूला ठेवली, म्हणजे बायकोला थोडी आडोशाची जागा मिळेल.

"तिकडे कशाला बसतोस?" ती म्हणाली. "उमासे येतील."

"येऊ देत."

"येऊ देत काय? गिऱ्हाइकांच्या समोर नकोत."

गवती चहाची जुडी काढायला ती डिकीत वाकली आणि तो कापलेला तुकडा तिच्या हाताला लागला. तिने तो बाहेर काढला, उलटापालटा करून पाहिला. "हे काय?"

मला खोटं सुचलं नाही. "बंपरचा आहे. विकताना परत चिकटवता येतो म्हणाला."

तिने हाताची माती कुडत्याला पुसली. मग तुकडा माझ्या मांडीवर ठेवला.

"डबे शेजारीच आहेत," ती म्हणाली आणि समोर येऊन थांबलेल्या एका बाईला आपट्याचं रोप दाखवायला वळली.

मी उठलो. टिश्यू खिशात होते, ते काढले नाहीत. झाकणाची कड चिकट होती. मी ती हाताने धरून उचलली, आतली गरम वाफ तोंडावर आली, आणि तुकडा आत टाकला. मागे त्या बाई विचारत होत्या, हे झाड इथल्या उन्हात टिकेल का? बायको म्हणाली, "टिकतं. रोज बघावं लागतं एवढंच."

हात धुवायला नळ लांब होता. मी परत खुर्चीवर येऊन बसलो.